पाचवा ठिपका

– ठिपके आत ठेव. नाही, आधी ते ठिपके पिशवीत टाक, मग बोलू. पिवळ्या चिठ्ठ्या असू देत, पेनं असू देत, भिंतीवर तो भलामोठा कागद लावलायस तोही राहू दे – पण ते चिकटवायचे लाल गोल ठिपके माझ्या डोळ्यांसमोर नकोत. हां, असं. आता बस. कॉफी घे. अरे, थर्मासकडे काय असा बघतोस? – म्हणजे सांगितलंय तर तुला. सांगणारच, एवढंसं गाव आणि एवढंसं तुमचं ऑफिस. हो, हाच तो थर्मास. पोचा बघ, इथे, बुडाशी – हे यानिकचं नाक. घाबरू नकोस लेका, एकसष्ट वर्षांत एकच फोडलंय मी. एस्किल ना तुझं नाव? तर एस्किल, मी बोदिल, ह्या चाचण्या सांभाळणारी नर्स, चौदा वर्षं झाली. घे, गरम आहे तोवर घे.

तर प्रश्न काय तुझा? – नव्या सिस्टीमकडून तुम्हाला काय काय हवंय. वा. तुमच्याच ऑफिसचा यानिक, आत्ताची सिस्टीम बांधणारा, हेच विचारत आला होता, तीन वर्षांपूर्वी, ह्याच खोलीत, तू बसलायस त्याच खुर्चीत. तो निदान दालचिनीचे पाव तरी घेऊन आला होता, तू हात हलवत आलास. नऊ जण होतो आम्ही – नर्सा, औषधखात्याचा माणूस, आमचे मोठे डॉक्टर पाल्ले – आणि ज्याला जे हवं ते चिठ्ठीवर लिहून भिंतीला डकवायचं. साठ-सत्तर चिठ्ठ्या झाल्या असतील. मग यानिकने प्रत्येकाच्या तळहातावर पाच-पाच ठिपके ठेवले आणि म्हणाला, जे फार महत्त्वाचं वाटतं त्यावर चिकटवा – ज्याला ठिपके जास्त ते आधी बांधू, बाकीचं नंतर. आपल्याकडे कसं आहे, ठाऊकच आहे तुला – कुणी कुणाच्या वर नाही, आवाज चढवायचा नाही, मोठा डॉक्टर काय आणि फरशी पुसणारी काय, पाचच ठिपके. मला तर बाई फार आवडलं ते. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी नर्सला विचारतंय.

आता एक चिठ्ठी होती त्यात – माझ्याच हातची. 'जिवावर बेतलं तर गोळी कोणती ते एका झटक्यात कळावं.' कसं आहे, फिटांवरच्या नव्या गोळीची चाचणी चालू व्हायची होती – अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खडूची, दिसायला जुळ्या, आणि कोणाला कुठली ते ना पेशंटला ठाऊक, ना मला, ना पाल्लेला. गुपित फुटलं की चाचणी बाद. म्हणून पूर्वी त्या कपाटात – ते, खिडकीखालचं, आता कुंड्या ठेवल्यात ते – प्रत्येक पेशंटचं एक बंद पाकीट असायचं. माणूस मरायला टेकला तर फाडायचं, दातांनी फाडायचं, वाचायचं, संपलं. तर यानिकने माझी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, बोदिल, असं वर्षातून किती वेळा होतं गं? – आणि मी, छाती फुगवून हो, म्हणाले, अकरा वर्षांत एकदाही नाही! टाळ्या वाजवल्या रे सगळ्यांनी. आमचं काम इतकं चोख म्हणून टाळ्या.

मग ठिपके. विचार माझे ठिपके कुठे गेले ते. दोन – जेवायच्या सुट्टीत स्क्रीन आपोआप बंद होऊ नये म्हणून. जेवून येऊन पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, वैताग नुसता. एक – पेशंटच्या नावांतली आपल्या भाषेतली खास अक्षरं तुटून चौकोन दिसायचे, ते थांबावं म्हणून. एक – चुकून पुसलेलं परत मिळावं म्हणून. आणि पाचवा – अरे, पाचवा मी यानिकच्या कपाळावर चिकटवला. गंमत म्हणून! सगळ्यात महत्त्वाचा तूच बाबा, म्हटलं. काय हसले सगळे. पाल्लेच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. यानिक बिचारा तसाच ठिपका लावून दिवसभर फिरला, तसाच घरी गेला. त्या चिठ्ठीवर एकही ठिपका पडला नाही. नऊ माणसं, पंचेचाळीस ठिपके, त्यांतला एक माणसाच्या कपाळावर आणि त्या चिठ्ठीवर शून्य.

मग काय, चिठ्ठी गेली 'नंतर'च्या कोपऱ्यात. तोवर तात्पुरतं म्हणून यानिकने केलं असं – गुपित उघडायचं तर दोघांची संमती. एक मी, एक पाल्ले, आपापल्या नावाने, आपापल्या फोनवरून. कुणी उगाच डोकावू नये म्हणून. नकाशा काढला होता त्याने, खोकीखोकी आणि बाण, फार सुरेख. आणि पाकिटं? पाकिटं नकोत म्हणाला, एकच माहिती दोन ठिकाणी असली की घोळ होतो. पटलं आम्हाला. कपड्यांच्या गाड्यावर घालून मीच ढकलत नेली ती सगळी पाकिटं कागद कापायच्या यंत्रापर्यंत. वर केक कापला.

– हो हो, लिही. लिहायलाच सांगतेय. पण हे पाल्हाळ नाहीये एस्किल, हेच तुझं उत्तर आहे, पुढे ऐक.

एगोन. पेशंट नंबर सतरा. बंदरावर क्रेन चालवायचा, फिटा यायला लागल्या तेव्हा खाली उतरवला त्याला, मग घरी बसून कोळ्यांची जाळी सांधायचा. हात म्हणजे काय सांगू – फावडी. आणि स्वभाव? गोगलगाय. रक्त काढताना मला सॉरी म्हणायचा, शीर सापडत नाही म्हणून! बायको रिग्मोर, ही एवढीशी, माझ्या खांद्याला लागेल इतकी, सगळा पगडा तिचा. तो आपला हो गं, हो गं. नऊ आठवडे सगळं ठीक, मग ठरल्याप्रमाणे गोळी दुप्पट केली. बाराव्या आठवड्यात, शनिवारी, भर दुपारी एक वाजता, जेवणाच्या टेबलावर, रिग्मोर म्हणाली लोणी संपलंय – आणि त्याने बिडाचा तवा उचलून तिच्या हातावर घातला. दोन बोटं जागच्या जागी चेचली. मग दार. मग शेजारी सोडवायला आला त्याचे दात. पोलिसांनी चौघांनी मिळून आणला त्याला, पाय बांधून, तोंडाला फेस – आणि फिट नव्हती रे ती, मी फिट ओळखते, तो शुद्धीत होता, माझ्याकडे बघत होता आणि ओळखत नव्हता.

मला घरून बोलावून घेतलं, नंबर सतराची नर्स म्हणून. आले तर आत नुसता कत्तलखाना. एका वॉर्डबॉयचा कान त्याने दातांनी तोडला होता, खरंच तोडला होता, जमिनीवर पडला होता तुकडा आणि दुसरा वॉर्डबॉय तो बर्फात घालायला पेला शोधत होता. भूल देणारी बाई सुई हातात घेऊन माझ्या अंगावर ओरडली – ह्याच्या पोटात काय आहे ते सांग! खरी गोळी असेल तर मी पूर्ण इंजेक्शन दिलं की श्वास थांबेल, खडूची असेल तर पूर्ण दिल्याशिवाय हा आवरायचा नाही – सांग, काय आहे? मी म्हटलं, एक मिनिट. एक मिनिट म्हटलं मी! आणि पळाले ह्या स्क्रीनकडे. नाव, पासवर्ड, नंबर सतरा, गुपित उघडा – आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत, नम्रपणे – 'दुसऱ्या अधिकृत व्यक्तीची संमती आवश्यक आहे.'

आणि दुसरी अधिकृत व्यक्ती कुठे? समुद्रावर. फेब्रुवारी महिना, शनिवार – पाल्ले त्या थंड पाण्यात डुंबणाऱ्या मंडळातला, बर्फासारख्या पाण्यात उडी, मग लाकडी खोलीत घाम काढत बसायचं, आणि आत फोन न्यायचा नाही हा नियम. सतरा वेळा लावला मी. बाहेर खुंटीवर विजारीच्या खिशात वाजत होता तो फोन, आणि पाल्ले आत नागडा बसून गावच्या गप्पा मारत होता. एक्केचाळीस मिनिटं, एस्किल. भूलवालीने भीतभीत पाव भाग सुई दिली, त्याने तो झोपला तर नाहीच, उलट पेटला. आणि बाहेर बाकावर रिग्मोर, बोटांवर गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी धरून. कुणीतरी तिला धरून ठेवायला हवं होतं. कुणी? सगळे आत त्याच्या अंगावर पडलेले, आणि मी स्क्रीनसमोर, 'पुन्हा प्रयत्न करा' दाबत. इथून काचेतून दिसतं ना ते दार – ते दिसत होतं मला. ती उठली. पिशवी बाकावर नीट ठेवली. आत गेली आणि म्हणाली, एगोन, मी आहे रे, मी – आणि त्याच वेळी त्याला बांधलेला पट्टा तुटला. सलाइनचा लोखंडी खांब होता, चाकांचा. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, वल्हं धरतात तसा. एकदा घातला. ती पडली. पुन्हा घातला. पडलेल्या बाईवर पुन्हा, आणि पुन्हा, मी मोजले, मला मोजायची सवय आहे, चौदा वर्षं नाडी मोजतेय – सात. आवाज आधी एक होता, चौथ्यानंतर वेगळाच यायला लागला. तो तुला सांगत नाही.

मग टिंग असं वाजलं. पाल्लेची संमती आली. 'खरी गोळी.' अर्धं इंजेक्शन दिलं, चार मिनिटांत लहान पोरासारखा झोपला. रिग्मोर मंगळवारी गेली. शुद्धीवर आलीच नाही, बरंच झालं म्हणायचं.

– घे, पाणी घे. अजून हवंय? कॉफी नको? बरं.

मग चौकशीची बैठक. यानिकने भिंतीवर त्या दिवशीचा फोटो लावला, चिठ्ठ्यांचा, ठिपक्यांचा, आणि हलक्या आवाजात म्हणाला – बोदिल, ह्या चिठ्ठीला कुणाचाच ठिपका नव्हता, तुम्ही सांगितलंत तेच मी बांधलं. बरोबर होतं रे त्याचं! म्हणून तर मारला. खोटं बोलला असता तर हसून सोडला असता. तुडुंब भरलेला थर्मास, कपाळावर धरला होता नेम, जिथे ठिपका लावला होता तिथे, पण तो मागे सरकला आणि नाकावर बसला. हाड मोडल्याचं हाताला कळतं बरं का, दांड्यातून. रक्त, कॉफी, त्याचा चष्मा – आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दुसरा घालायचा होता, पाल्लेने धरलं. आणि मग आपल्या लोकांनी काय करावं? आठवड्याने दोघांना समोरासमोर बसवलं, मध्ये मेणबत्ती, केक, आणि कसं वाटतंय ते सांगा म्हणे. त्याने मला माफ केलं. नाकाला पट्टी लावून केक खात खात माफ केलं.

तर माझी मागणी एकच. कागदाच्या डोक्यावर लिही, पहिल्या ओळीत. गुपित एका माणसाला, एका बटणाने, त्याच क्षणी उघडता यावं, आणि का उघडलं ते नंतर विचारा, हवं तर फासावर द्या नंतर. आणि वीज गेली, फोन मेला, तर कपाटात पाकीट. झालं. बाकी मला काही नको. चौकोन दिसू देत नावांत.

– काय? अहवाल? दाखव. – हो, वाचलाय मी, मला काय दाखवतोस. 'कोणतीही पूर्वसूचना नव्हती. अपवादात्मक घटना. रचनेत तातडीने बदलाची आवश्यकता नाही.' म्हणजे तुझे साहेब म्हणतात, अहवालात नाही म्हणजे पहिल्या टप्प्यात नाही, 'नंतर'च्या कोपऱ्यात. पुन्हा! अरे, बाई मेली की! लोखंडाने ठेचून मेली! – अपवादात्मक कसलं डोंबलाचं अपवादात्मक? पूर्वसूचना नव्हती म्हणे. रिग्मोरने आदल्या दिवशी फोन केला होता, त्याने कुत्री भिंतीवर आपटली म्हणून, आणि हे म्हणतात पूर्व–

...

हं.

नाही, ते लिहू नकोस. पेन खाली ठेव. – अरे, ठेव म्हणते ना!

...ठीक आहे. ऐक मग. शुक्रवार होता. अडीचला आम्ही निघतो शुक्रवारी, तू नाही निघत? कोट घातला होता मी, एक बाही घातली होती. फोन वाजला. रिग्मोर. हळू बोलत होती, न्हाणीघरातून असावी, म्हणाली बोदिल, त्याने म्हातारीला उचलून भिंतीवर आपटलं – म्हातारी म्हणजे त्यांची कुत्री – कंबर मोडली तिची, आणि दोन आठवडे झाले, तो माझ्याकडे कसासाच बघतो, हा एगोन नाही गं. मी म्हटलं, नोंदवते. आणि नोंदवलं! बसून नोंदवलं, कोट घालून. आता ती स्क्रीन कशी, तुला ठाऊकच असेल – 'तीव्र' निवडलं की अकरा खिडक्या उघडतात, पाल्लेला त्याच दिवशी फोन, बनवणाऱ्या कंपनीला फोन, गोळी बंद. 'सौम्य' निवडलं की एक खिडकी आणि बस. मी लिहिलं होतं – 'कुत्रीला भिंतीवर आपटलं.' लिहिलं, आणि मग वाटलं, हे इथे दिसलं की सोमवारी विचारतील सौम्य कसं. म्हणून पुसलं. 'चिडचिड, सौम्य' केलं आणि बस पकडली. चौकशीत विचारलं, काही कळलं होतं का? म्हटलं, नाही. रिग्मोर कुठे होती खोटं पाडायला.

खोटं वाटतंय? बघ जाऊन तुमच्या त्या सिस्टीममध्ये. पुसलेलं पण ठेवते ती, वेळेसकट, नावासकट – माझ्याच तर ठिपक्याने! – सात महिने मला धास्ती, की जुन्यातला माल नव्यात हलवायला जो कोणी येईल तो ते उघडणार. – का रे? मान का खाली घातलीस? – उघडलंयस. उघडूनच आलायस तू. आणि तरी मला कॉफी ओतू दिलीस, नाकाची गोष्ट सांगू दिलीस, यानिकवर खापर फोडू दिलंस. भला आहेस. नाही, रागावले नाहीये. थर्मास तिकडे सरकवू नकोस, नाही उचलत.

तुला वाटतं मी माझ्या कातडीसाठी गप्प होते? होते की. पण सगळ्यात वाईट ते नाही. एगोन बंद वॉर्डात आहे, दर गुरुवारी जाते मी. राय धान्याचा काळा पाव नेते, हेरिंग मासा नेते, तो जाळी विणतो, सुतळीच देतात, नायलॉन नाही. गोळी बंद झाल्याच्या दहाव्या दिवशी तो पुन्हा गोगलगाय झाला आणि पहिलं काय विचारलं – रिग्मोर आली नाही का गं? पाल्लेने सांगितलं त्याला. आणि आता काय म्हणतो माहितीये? म्हणतो, बोदिल, अहवालात लिहिलंय पूर्वसूचना नव्हती, म्हणजे हे हळूहळू गोळीने नाही आलं, हे माझ्याच आत होतं, आयुष्यभर, एका दिवशी बाहेर पडलं. मी आतून असाच होतो का गं? – आणि मी त्याला हेरिंग वाढते. कुत्रीचं त्याला आठवत नाही. रिग्मोरने त्याला सांगितलं होतं, म्हातारी बहिणीकडे पाठवलीय. एक वाक्य आहे माझ्याकडे, अर्धी ओळ, ती त्याला सांगितली तर त्याला कळेल की पंधरा दिवस आधीपासून ती गोळी त्याच्यातला माणूस खात होती, तो नव्हता तो. आणि तीच ओळ मी पुसली. एकदा स्क्रीनवर, आणि मग दर गुरुवारी त्याच्या तोंडावर.

लिही. घे पेन. शुक्रवार, दोन वाजून एकतीस. कोणी कळवलं – रिग्मोर. कोणाला – बोदिल. काय – कुत्रीला भिंतीवर आपटलं. कोणी पुसलं – बोदिल. नीट अक्षरात लिही, सौम्य करू नकोस. आण, सही करते. आता आहे ना तुझ्या साहेबांकडे पूर्वसूचना? आता म्हणू दे त्यांना अपवादात्मक. आणि ती चिठ्ठी पहिल्या टप्प्यात घ्यायची, ठिपके-बिपके न मागता. विचारलं कोणी वर्षातून किती वेळा, तर सांग एकदा.

झालं. आता ऊठ. दोन वाजले, गुरुवार आहे, तीनला त्याच्याकडे पोचायचंय. आज सांगणार आहे त्याला. – नको, तू नको येऊस. तुझा काय संबंध. तो थर्मास दे इकडे. अर्धाच आहे, थांब, भरून घेते – उकळती भरते. दाराशी तपासतात हो, पण सात महिने येणाऱ्या नर्सची पिशवी कोण बघतंय. असा बघू नकोस माझ्याकडे. तो गोगलगाय आहे, कदाचित काहीच करणार नाही, सॉरी म्हणेल मला. पण समजा त्याला माझ्यावर हात उचलावासा वाटलाच, तर त्याच्या हाताशी काहीतरी असू दे.

चल, नीघ. दार ओढून घे.